जावयाने तळलेले ३३ अनारसे

अधिक महिन्यात जावयाकडून कुणाच्या फारशा अपेक्षा नसतात. सांगितलेल्या रविवारी सासुरवाडीला पोचायचं, पाटावर बसायचं, ओवाळून घ्यायचं. पुरणाच्या धोंड्यांवर तूप पडू लागलं की ‘पुरे पुरे’ म्हणत ताट पुढेच ठेवायचं. आणि मध्ये दिवा लावलेलं ३३ अनारशांचं तांब्याचं ताट समोर आलं की ‘कशाला एवढं केलंत’ असं पुटपुटायचं. एवढंच काम, तेही अडीच-पावणेतीन वर्षांतून एकदा. मी ते आजवर चोख बजावलं होतं. पण २०२३ च्या अधिक श्रावणाच्या तोंडावर साताऱ्याला ओल्या अंगणात सासूबाईंचा पाय घसरला आणि उजवं मनगट प्लास्टरमध्ये गेलं.

अनारसे विकत आणावेत, असा साधासोपा ठराव आमच्या हिने पुण्यातून फोनवर मांडला. हल्ली मिळतात, चवीला बरे असतात, डब्यात भरून येतात. पलीकडे बराच वेळ कुणी काही बोललं नाही. मग सासूबाई म्हणाल्या, “आणा. मिळतात ना? आणा.” मराठी घरात वाढलेल्या माणसाला या ‘आणा’चा अर्थ सांगायला नको. दुसरा पर्याय धाकट्या काकूंचा, म्हणजे सासूबाईंच्या जावेचा. तो सुचवल्यावर त्या म्हणाल्या, “करेल की ती. जावईबापूंचे दात शाबूत आहेत ना?”

मी मागे सोफ्यावर बसून हे ऐकत होतो. “आई, तुम्ही सांगा, मी करतो,” असं म्हणालो ते केवळ वातावरण निवळावं म्हणून. पलीकडून लगेच प्रश्न आला, “जुना तांदूळ आहे का घरात?”

स्वतःचं वाण स्वतःच तळून घेणारा पहिला जावई, ही बातमी त्या संध्याकाळी माहेरच्या सगळ्या ग्रुपांवर पोचली होती. पोचवणारी अर्थात आमची हीच.

३३ च का, हे सासरे दर अधिकात समजावून सांगतात आणि आम्ही दर अधिकात पहिल्यांदाच ऐकल्यासारखं ऐकतो. चांद्रवर्ष ३५४ दिवसांचं, सूर्याचं ३६५ चं. वर्षाला ११ दिवसांचा फरक पडतो, तो साचत साचत साडेबत्तीस-तेहतीस महिन्यांत एक अख्खा महिना होतो. तो महिना मध्ये घालून पंचांग पुन्हा जागेवर आणायचं, म्हणून दानही ३३ चं. वाण जाळीदार पदार्थांचं हवं. अनारसे, बत्तासे, नाहीतर मैसूरपाक. जाळीदारच का, यावर मात्र त्यांच्याकडे दर वेळी नवं उत्तर असतं. मला त्या आकड्यात दिसत होतं ते एवढंच, की बत्तिसावर थांबून चालणार नव्हतं.

तांदळापासूनच परीक्षा सुरू झाली. बासमती नको, इंद्रायणी तर अजिबात नको, ती चिकट. नवा तांदूळ कुठलाच नको. साधा, जाडसर आणि जुना हवा. रेशनचा जाडा तांदूळ अनारशांना सगळ्यात चांगला, असं छातीठोकपणे सांगणाऱ्या बायका मला त्या आठवड्यात जागोजाग भेटल्या. लिफ्टमध्येसुद्धा एक भेटली. किराणा दुकानात मी ‘जुना आणि जाडा’ मागितला तेव्हा दुकानदाराने आधी माझ्याकडे बघितलं आणि मग विचारलं, “अनारसे का?” म्हणजे विद्या सगळ्यांना ठाऊक होती, मीच तेवढा बाहेर होतो.

एक किलो तांदूळ स्वच्छ धुऊन भरपूर पाण्यात भिजवायचा, तीन दिवस. रोज ठरलेल्या वेळी जुनं पाणी ओतून नवं घालायचं. एवढं वाचून ज्यांना हे सोपं वाटलं त्यांनी पावसाळ्यात बंद फ्लॅटमध्ये हा प्रयोग करून पाहावा. दुसऱ्या दिवशी पातेल्याच्या कडेने बारीक बुडबुडे दिसू लागतात आणि झाकण काढलं की एक आंबूस वास स्वयंपाकघर ओलांडून बाहेरच्या खोलीत येतो. आमच्या मुलीने आधी फ्रिज उघडून बघितला, मग कचऱ्याचा डबा, मग माझे पावसात भिजलेले बूट. शेवटी पातेलं गॅलरीत गेलं. हा वास म्हणजे बिघाड नाही. तांदूळ हलकासा आंबतो, दाणा आतपर्यंत मऊ होतो, आणि पुढे जी जाळी पडायची तिची तयारी इथेच सुरू होते. पाणी बदलायचा मात्र कंटाळा केला तर वास आंबूसपणाच्या पलीकडे जातो आणि तांदूळ टाकून द्यावा लागतो. तिसऱ्या दिवशी दाणा चिमटीत धरला तर नखाची गरजही पडत नाही, बोटांच्या दाबाने त्याचा भुगा होतो.

आणि मग येतो तो टप्पा, ज्याबद्दल कुठलीही पाककृती एका ओळीत बोलून मोकळी होते: ‘तांदूळ उपसून कपड्यावर सुकवून घ्यावा.’

किती सुकवावा? पूर्ण वाळला तर पीठ कोरडं होतं, गूळ त्याला धरत नाही, अनारसा दगड होतो. ओला राहिला तर तो कढईत विरघळतो. सासूबाईंना विचारलं तर म्हणाल्या, “ओलसर असायला हवा.” किती ओलसर? “अनारशाला लागतो तेवढा.” पिढ्यान्‌पिढ्या हे शास्त्र असंच पुढे गेलं असणार, शेजारी बसून, हात लावून. आमच्यात शंभर किलोमीटरचं अंतर आणि त्यांचा हात प्लास्टरमध्ये.

बाहेर पाऊस, त्यामुळे गॅलरीचा विचार सोडला. जेवणाच्या खोलीत जमिनीवर जुना सुती पंचा अंथरला, वर रोळीत निथळलेला तांदूळ पातळ पसरला आणि पंखा बारीक ठेवला. ऊन असतं तरी उन्हात ठेवायचा नसतोच, सावलीतच. मी दर थोड्या वेळाने जाऊन त्यात हात फिरवत होतो. घरातली बाकीची मंडळी पंचाच्या कडेकडेने चालत होती. मग व्हिडिओ कॉल लागला.

“मूठभर घ्या. आवळा. घट्ट. आता मूठ उघडा.”

मी उघडली. तळहातावर तांदळाचा लाडू उभा होता.

“कॅमेरा जवळ आणा. हं. आता बोटाने टोचा.”

टोचला. लाडू तसाच राहिला, फक्त खळगा पडला.

“तळहात दाखवा. चकाकतोय अजून. आणखी जरा राहू दे.”

पुढच्या वेळी मूठ उघडली तेव्हा गोळा झाला होता, पण बोट लावताच फुटून मोकळा झाला. तळहाताला गारवा होता, पाणी नव्हतं. “उचला,” त्या म्हणाल्या, “आत्ता. लगेच. चहा नंतर प्या.” अनारशाचा तांदूळ कसा असावा याचं याहून नेमकं वर्णन मी अजून कुठे वाचलेलं नाही: मुठीत धरतो, बोटाला सुटतो, तळहात ओला करत नाही.

दळायला गिरणीत नेण्याचा विचार मनात आला होता. गिरणीवाल्याने आधीच नकार दिला. ओलं धान्य जात्याला चिकटतं आणि मग तो दिवसभर जातं साफ करत बसतो. सासूबाईंच्या आईच्या घरी हा तांदूळ उखळात कांडायचे. आपल्याकडे मिक्सर. तो थोडा थोडा, थांबून थांबून फिरवायचा, कारण भांडं तापलं की पिठातला ओलावा उडतो, आणि ज्या ओलाव्यासाठी एवढा खटाटोप केला तोच जातो. मग मैद्याच्या चाळणीने चाळायचं. चाळणीवर कणी उरते, ती पुन्हा मिक्सरमध्ये, पुन्हा चाळणीवर. शेवटच्या कणीपर्यंत हे चालू राहतं. पीठ हाताला रवाळ लागता कामा नये. मुलीला हा भाग आवडला. ती चाळणीवर हात फिरवत बसली आणि तिच्या भुवयांपर्यंत पीठ पोचलं.

गूळ साधा घ्यायचा. चिक्कीचा गूळ चुकूनही नाही, त्याने अनारसे कडक होतात. एक किलो तांदळाला पाऊण किलो गूळ, बारीक किसून. काही घरांत पिठाच्या बरोबरीने गूळ घेतात, काही जण गुळाऐवजी पिठीसाखर घालून पांढरे अनारसे करतात. ते दिसायला सुरेख असतात, पण मला ते अनारसे वाटत नाहीत. हे माझं मत. सासूबाईंचंही आहे, म्हणून जास्त ठामपणे सांगतो.

गूळ घालण्याआधी त्यांनी एक काम सांगितलं: चाळलेल्या पिठातलं वाटीभर बाजूला काढून फ्रिजमध्ये ठेवा. कशाला, ते सांगितलं नाही. “ठेवा तुम्ही.”

बाकीच्या पिठात गूळ आणि चमचाभर तूप घालून मळायला घेतलं. पाण्याचा थेंबही नाही. सुरुवातीला वाटतं की हे कधीच एकत्र येणार नाही. गुळाचे कण वेगळे, पीठ वेगळं, परातीत सगळा भुरभुराट. पण तळहाताच्या टाचेने रगडत राहिलं की गूळ पिठातला ओलावा ओढून घेतो, स्वतः पाझरायला लागतो आणि बघता बघता परातीतला रंग बदलतो. मला ते घट्ट वाटलं म्हणून मी दुधाचा हबका मारू का असं विचारलं. “हात लावू नका,” असं उत्तर आलं. “आज घट्टच पाहिजे. डब्यात सैल होतं ते.” खरंच होतं. मोठे गोळे करून घट्ट झाकणाच्या डब्यात दाबून ठेवले आणि चार-पाच दिवसांनी उघडले तर तेच पीठ लोण्यासारखं मऊ झालेलं होतं.

डबा मुरत असताना मी जरा इकडेतिकडे चौकशी केली. आपल्या अनारशाचे चुलतभाऊ देशभर आहेत. तमिळनाडूत दिवाळीला अधिरसम करतात, तेलुगू घरांत संक्रांतीला अरिसेलु, कन्नड मुलखात कज्जाय. तांदूळ तोच, गूळ तोच, पण ते लोक गुळाचा पाक करून त्यात ओलसर पीठ घालतात. आणि बिहारमध्ये गयेचा अनरसा तर प्रसिद्धच आहे, त्याला खसखशीऐवजी तीळ लावतात. हे सगळं मी उत्साहाने फोनवर सांगितलं. सासूबाईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “पाक करतात? त्यात एक तार, दोन तार बघत बसा. आपलं बरं आहे.” तीन दिवस भिजवणं, पंचावर मुठी आवळणं, कणी चाळणं आणि डब्यात मुरवणं, हे झालं ‘आपलं बरं’.

त्याच चौकशीत एक उपयोगाची गोष्ट कळली. मेव्हणी सिंगापूरला असते. मला पण पाठवा, असा तिचा तगादा चालू होता. खसखस सिंगापुरात नेताच येत नाही, संयुक्त अरब अमिरातीतही नाही. तिथे ती अमली पदार्थांच्या कायद्यात येते. आपल्याकडेही अफूची शेती सरकारी परवान्याशिवाय करता येत नाही, पण अफूच्या बिया, म्हणजे हीच खसखस, मात्र वाण्याकडे खुशाल मिळतात. दुबईला किंवा सिंगापूरला फराळ पाठवणाऱ्यांनी अनारशांचा डबा भरण्याआधी हे लक्षात ठेवावं. मेव्हणीच्या वाट्याचे अनारसे तिळाचे करायचे ठरले. गया इथे अशी कामाला आली.

रविवारी सकाळी डबा मांडीवर घेऊन आम्ही साताऱ्याला पोचलो. स्वयंपाकघरात काकू धोंड्यांचं पुरण वाटत होत्या. सासूबाई स्टुलावर बसल्या होत्या, प्लास्टरचा हात ओढणीने गळ्यात अडकवलेला, आणि डावा हात आज्ञा द्यायला मोकळा. त्यांनी डब्याचं झाकण काढायला लावलं, आधी वास घेतला, मग डाव्या हाताच्या बोटांनी एक चिमूट घेऊन चोळली. तोंडावरची रेघ हलली नाही. “पीठ चांगलं झालंय,” असं त्या काकूंना म्हणाल्या, मला नाही.

तळणीची मांडणी अशी. दुधाच्या रिकाम्या पिशवीचा कापून, धुऊन, पुसून केलेला प्लास्टिकचा कागद. त्यावर चिमूटभर खसखस पसरायची. सुपारीएवढा, म्हणजे खरं तर मोठ्या सुपारीएवढा गोळा त्यावर ठेवून बोटांच्या पेरांनी थापायचा, मध्यापासून कडेकडे. कड फार पातळ झाली तर ती आधी करपते, मध्य जाड राहिला तर आत कच्चा राहतो. थापताना खसखस खालच्या बाजूला असते. कढईत सोडताना कागद हातावर उलटा करून अनारसा अलगद सोडवायचा, म्हणजे खसखस वर येते. आणि तो उलटायचा नाही. कधीच नाही. वरची बाजू झाऱ्याने गरम तूप उडवून शिजवायची. खसखशीची बाजू तुपात गेली तर खसखस करपते आणि पुढच्या सगळ्या घाण्यांना काळे ठिपके लागतात.

“आधी एकच सोडा,” सासूबाई म्हणाल्या.

पहिला अनारसा तुपात गेला. कडेने फेस आला, पृष्ठभागावर बारीक भोकं पडू लागली, मी श्वास रोखला. आणि मग तो हसला. भोकं मोठी होत एकमेकांत मिसळली, कडा सुटल्या, मधला भाग पसरत गेला आणि बघता बघता कढईभर नुसता तपकिरी चुरा तरंगू लागला. काकूंनी पुरणातला हात थांबवला. खोलीत थोडा वेळ फक्त तुपाचा आवाज होता.

अनारसा हसला की घरात सगळ्यांना मत असतं. “आच कमी होती,” काकू. “सोडताना हात हलला त्याचा,” आमची ही. “या श्रावणात हवेत दमटपणा फार,” दारातून सासरे. अनारशांच्या बाबतीत कढईपाशी उभा असलेला माणूस नेहमी आरोपी असतो आणि बहुतेक वेळा तो निर्दोष असतो. तळणं ही शेवटची आणि त्यातल्या त्यात सोपी पायरी. अनारसा हसणार की नाही हे तांदूळ पंचावर असताना आणि गूळ तागडीत असताना ठरलेलं असतं. तांदळाच्या पिठाला गव्हासारखा चिवटपणा नसतो. गरम तुपात गूळ वितळतो आणि तो धरून ठेवायला पुरेसं पीठ नसेल तर सगळा संसार विस्कटतो. म्हणजे गूळ किंवा ओलावा पिठाला जड झाला, एवढाच त्याचा अर्थ. दिवसाला, तांदळाला, गुळाला हे प्रमाण इकडेतिकडे होतंच, म्हणून तर आधी एकच सोडायचा.

सासूबाई या गदारोळात पडल्याच नाहीत. “ते वाटीभर पीठ आणलंय ना?”

आणलं होतं. त्यातलं चमचा-दीड चमचा पीठ त्यांनी एका गोळ्यात मिसळायला लावलं, सगळ्यात नाही. “उलट झालं असतं, कडक झालं असतं, तर पिकलेलं केळं कुस्करून लावलं असतं, नाहीतर दुधाचे चार थेंब. आता थापा.”

दुसरा अनारसा सोडला तेव्हा आच काकूंच्या ताब्यात होती. ती त्यांनी न विचारता घेतली आणि ते बरं केलं. तूप आधी चांगलं तापवून मग आच मंद करायची आणि प्रत्येक अनारसा सोडताना क्षणभर वाढवायची, हे त्यांचं गणित. मी तूप उडवत राहिलो. कडेला सोनेरी रेघ उमटली, मग ती आत सरकत गेली. मध्यावर एक एक करून भोकं उघडली आणि उघडीच राहिली. हा हसला नाही. झाऱ्यावर घेतला तेव्हा तो इतका मऊ होता की वाकला. मला वाटलं गेला, पण काढताना असाच असतो. चाळणीत आडवा न ठेवता कडेवर उभा करायचा, म्हणजे तूप खाली निथळतं आणि निवता निवता तो खुसखुशीत होतो. सगळ्यांनी मिळून तो एक अनारसा निवायची वाट बघितली. फुंकर मारायला मनाई होती.

सासूबाईंनी डाव्या हाताने तो मोडला. आवाज झाला. त्यांनी अर्धा काकूंच्या हातावर ठेवला. काकूंनी खाल्ला आणि विचारलं, “गूळ कुठला घेतलात?” साधा, मी म्हणालो. “चिक्कीचा नाही?” नाही. त्या पुन्हा पुरणाकडे वळल्या. थोड्या वेळाने पाठमोऱ्याच म्हणाल्या, “मी इतकी वर्षं चिक्कीचाच घेते.” सासूबाईंनी छताकडे पाहिलं. आमच्या हिने माझ्या पायावर पाय दिला, कारण मी हसण्याच्या बेतात होतो.

पुढे हात बसला. मी थापायचो आणि सोडायचो, काकू आच सांभाळायच्या, सासूबाई स्टुलावरून रंग बघून ‘काढा’ म्हणायच्या. ३३ अनारसे ताटात लागतात म्हणजे तळायचे ३३ असं नसतं, हे मुलं स्वयंपाकघरात फिरकू लागल्यावर कळलं. चाळणीतला आकडा पुढे सरकेना. शेवटी सासऱ्यांना चाळणीपाशी राखणीला बसवलं. त्यांनी मुलांना पंचांगाचं गणित समजावून सांगायला घेतलं आणि मुलं आपोआप पांगली. ताट भरल्यावर मोजदाद झाली तेव्हा ३२ निघाले. राखणदाराच्या मिशीला खसखस होती.

आणखी एक तळला. मग घाईघाईने अंघोळ करून, झब्बा घालून मी पाटावर बसलो. तुपाचा वास अंघोळीने गेला नव्हता आणि उजव्या हाताच्या मागे तुपाचा चटका होता. उजवा हात बांधलेला, डाव्या हाताने ओवाळायचं नाही, म्हणून तबक काकूंनी धरलं आणि सासूबाईंनी काकूंच्या हाताला नुसता हात लावला. लेकीची ओटी भरली. लक्ष्मी-नारायण म्हणून आम्हा दोघांना नमस्कार झाला. हे मला दर वेळी अवघड जातं. त्या दिवशी तर नारायणाच्या नखांत गूळ होता.

मग ताट समोर आलं. मध्ये दिवा, भोवती अनारसे, वर जाळीदार कापडाचा रुमाल. इथे मी ‘कशाला एवढं केलंत’ म्हणायचं असतं. सगळे माझ्याकडे बघत होते. मी म्हटलं. आमची ही तिथेच पाटावर हसत सुटली आणि तिच्या पाठोपाठ काकू. सासूबाई मात्र गंभीरपणे म्हणाल्या, “असू दे हो, एवढं तरी आम्ही करायला नको?”

कढईतला तो पहिल्या अनारशाचा चुरा कुणी टाकला नव्हता. काकूंनी तो झाऱ्याने गोळा करून वाटीत निथळत ठेवला होता. दुपारी मुलांनी त्यावर गार दूध घालून खाल्ला आणि ताटातले सुबक अनारसे बाजूला ठेवून ‘तो फुटलेला आणखी आहे का’ म्हणून मागे लागली. तिळाचे अनारसे मेव्हणीसाठी वेगळ्या डब्यात भरले. डब्यावर सासऱ्यांनी ‘खसखस नाही’ असं मोठ्या अक्षरांत मराठीत लिहिलं. सिंगापूरच्या कस्टमवाल्यांनी ते कसं वाचावं, याचा खुलासा त्यांनी केला नाही.

पीठ बरंच उरलं होतं. ते नीट झाकून फ्रिजमध्ये ठेवलं तर महिनोन्‌महिने टिकतं, त्यामुळे सासूबाईंनी गोळे मोजून दोन डबे केले. एक स्वतःकडे ठेवला, दुसरा माझ्या पिशवीत घातला आणि आमच्या हिला म्हणाल्या, “दिवाळीला तुम्ही या इकडे. पण हे पीठ यांनाच थापू दे, तू मध्ये पडू नकोस.” काकूंनी मला दारात गाठून हळूच विचारलं, तांदूळ मुठीत धरायचं ते नक्की कसं. चप्पल घालता घालता मी त्यांना मूठ आवळून दाखवली.